अर्धवट कामं मोजू नका, ती कुठे थांबली ते बघा

"माझं एकही काम पूर्ण होत नाही. मैत्रिणींची होतात. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे."

समुपदेशक म्हणून मला थोड्याफार फरकाने हे वाक्य सतत ऐकू येतं. विणणारे, भरतकाम करणारे, मातीकाम करणारे, लिहिणारे, सगळेच ते बोलतात आणि बोलताना आवाज गुन्हा कबूल केल्यासारखा खाली येतो. कपाटात, पलंगाखाली, पिशव्यांमध्ये अर्धी कामं साठलेली असतात. त्यातली प्रत्येक पिशवी आपल्याविरुद्धचा पुरावा आहे, असं त्यांनी ठरवून टाकलेलं असतं. एका फायबर आर्टिस्टच्या बाबतीत हा पुरावा नीट उलगडून बघता आला, म्हणून तिची गोष्ट थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

ती मागावर टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं, विणते, सुयांवर शाली आणि स्वेटर करते, अधूनमधून लोकर स्वतः रंगवते. तिचा पाच जणींचा गट आहे. एक कुंभारकाम करते, एक नैसर्गिक रंगांचं काम करते, एक भरतकाम, एक चित्रं काढते. दर आठवड्याला कुणा एकीकडे बसायचं, आपापलं काम बरोबर आणायचं, गप्पा मारत हात चालवायचे. वरवर पाहता याहून चांगला आधार कुठला? पण या बैठकीच्या आदल्या रात्री तिला झोप लागत नव्हती.

"मी आळशी आहे," ती म्हणाली.

"मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायला किती वेळ लागतो?"

"मोजून, ओवून, सगळ्या धाग्यांचा ताण सारखा होईपर्यंत दीड-दोन दिवस जातात."

"आळशी माणूस दोन दिवस ताणा चढवत बसेल?"

"मग चंचल असेन. सुरुवात आवडते, पुढे टिकत नाही."

एक शिक्का काढला की माणूस लगेच दुसरा लावतो. त्यामुळे शिक्क्यांशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, असं माझं अनुभवाने बनलेलं मत आहे. तिला सांगितलं, पुढच्या वेळी सगळी अर्धी कामं घेऊन या. फोटो नकोत, कामंच हवीत.

अकरा निघाली. टेबलावर मावेनात, म्हणून काही खुर्च्यांवर पसरली. अट एकच ठेवली होती: काम का थांबलं हे आज सांगायचं नाही, कुठे थांबलं ते फक्त बोट ठेवून दाखवायचं. "का" विचारलं की स्वभावाची चर्चा सुरू होते. "कुठे" विचारलं की नजर कामावर जाते.

पहिली टॅपेस्ट्री 40 सेंटिमीटर रुंदीने सुरू केलेली. वर 15 सेंटिमीटर विणून झाल्यावर तिथली रुंदी 37 भरली. दोन्ही काठ आत ओढले गेलेले. तिने बोट ठेवलं आणि आपसूक समजावून सांगू लागली: आडवा धागा ताण्याच्या एकेका धाग्यावरून-खालून जातो, त्यामुळे तो सरळ अंतरापेक्षा जास्त लांब लागतो. सरळ ओढून ठोकला की लांबी कमी पडते आणि ती कसर काठाच्या धाग्यांतून भरून निघते, काठ आत येतात. म्हणून धागा आधी कमानीसारखा सैल टाकायचा, रुंद कामात अशा दोन-तीन छोट्या कमानी करायच्या, मग फणीने ठोकायचा. दर पाच सेंटिमीटरला मोजपट्टी लावायची. ती हे इतकं स्वच्छ सांगत होती की ऐकणाऱ्याने कधी माग पाहिला नसला तरी समजावं.

दुसरी टॅपेस्ट्रीही काठ आत आल्यावरच थांबलेली. मग स्वेटर. नमुन्याचा चौकोन विणून तिने 10 सेंटिमीटरला 22 टाके मोजले होते, त्या हिशेबाने 100 सेंटिमीटर घेरासाठी 220 टाके घातले. विणताना हात सैल पडला, 10 सेंटिमीटरला 20 टाके येऊ लागले आणि घेर 110 झाला. काखेपर्यंत विणून झाल्यावर लक्षात आलं, सुया तिथेच अडकलेल्या. मग एक शाल. लोकर संपली, नवी आणली ती वेगळ्या खेपेत रंगवलेली निघाली, रंगात किंचित फरक पडला आणि शालीवर आडवी रेघ दिसू लागली. पुढची जाळीची शाल, तिच्यात बऱ्याच ओळी खाली जाळीचं भोक पाडणारा एक वेढा सुईवर घ्यायचा राहून गेलेला.

सातव्या कामावर बोट ठेवल्यावर ती थांबली. परत पहिल्याकडे गेली, दुसऱ्याकडे गेली. बराच वेळ काही बोलली नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवावं. ही शांतता भरून काढण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

"सगळी चूक दिसली तिथेच थांबलीत," ती म्हणाली.

"कंटाळा आला म्हणून थांबलेलं?"

तिने शोधून दोन बाजूला काढली. "ही दोन. यांचे रंगच आता नको वाटतात." आणखी दोन कामं फक्त सामान न मिळाल्यामुळे अडली होती. उरलेली सातही चुकीपाशी थांबलेली.

चंचल माणसाची कामं कुठेही थांबतात. एक ओळ झाल्यावर, निम्म्यावर, शेवटच्या शिवणीवर, कशीही. एकाच प्रकारच्या जागी सात कामं थांबत असतील तर तो स्वभाव नव्हे, तिथे काहीतरी आडवं येतंय. या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर मला हे खात्रीने सांगता येतं, की "किती अर्धवट" या प्रश्नातून फक्त अपराधीपणा निघतो आणि "कुठे अर्धवट" यातून वाट निघते.

आता खरा प्रश्न होता. काठ का ओढले जातात हे तिला माहीत होतं, उपायही माहीत होता. मग दुरुस्त का केलं नाही?

"उसवलं असतं तर पुढच्या बैठकीत काम मागे गेलेलं दिसलं असतं. त्या विचारतातच, कुठपर्यंत आलं?"

"मग त्या बैठकीला काय नेलं?"

"नवीन सुरू केलेलं."

नव्या कामात अजून चूक झालेली नसते, म्हणून ते दाखवायला सोपं जातं. ज्याला ती सुरुवातीची आवड समजत होती ती बरीचशी लपण्याची जागा होती. हे तिचं तिला उमगलं तेव्हा ती रडली, आणि मग पहिल्यांदाच मोकळी हसली.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जिच्या विणकामाचं एकल प्रदर्शन भरवलं त्या ॲनी अल्बर्सचं काम बघून ही तासभर भारावून जायची. मैत्रिणीने पूर्ण केलेला एक रुमाल पाहिला की मात्र दोन दिवस मागाला हात लावत नसे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडलं होतं, की मोजायला पक्की पट्टी नसली की माणूस स्वतःला इतरांशी ताडून बघतो, आणि तेही आपल्यासारख्याच माणसांशी. दूरच्या थोर कलाकाराशी आपली बरोबरी मनात येत नाही. शेजारी बसून धागा ओवणारीशी येते. म्हणून मैत्रिणींबद्दल असं वाटणं हा मनाचा कोतेपणा नाही. ते वाटणारच. प्रश्न त्या वाटण्यावर आपण काय अट लादतो हा आहे.

माझा कल मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीकडे, म्हणजे त्रास देणारा अविवेकी हट्ट शोधून तो बदलण्याकडे, आहे आणि तो मी लपवत नाही. हिची अट अशी होती: माझ्या कामात मैत्रिणींना दिसेल अशी चूक असताच कामा नये, दिसली तर मी खरी कलाकार नाही. काम चांगलं व्हावं ही इच्छा निरोगी आहे, ती सोडायची गरज नाही. तिची सक्ती झाली की पहिल्या चुकीपाशी हात थांबतात. इच्छा असलेला माणूस चूक दिसली की वैतागतो आणि उसवतो. सक्ती असलेला पिशवी बंद करतो.

पण हे नुसतं पटून भागत नाही, हाताला सवय लागावी लागते. तिला पहिलं काम दिलं ते रंगकाम करणाऱ्या मैत्रिणीची नोंदवही मागून बघण्याचं. त्या मैत्रिणीच्या सुंदर लडी हिने नेहमी पाहिल्या होत्या, वही कधीच नाही. वहीत लोकरीचे छोटे तुकडे चिकटवलेले आणि खाली नोंदी. 100 ग्रॅम लोकरीला 12 ग्रॅम तुरटी, तापमान हळूहळू 80 अंशांपर्यंत, तासभर. त्याखाली: झेंडूचा पिवळा लोखंडी भांड्यात काढला, शेवाळी झाला. आणखी खाली: गरम पाण्यातून काढून एकदम थंड पाण्यात घातली, ढवळलीही जास्त, लोकर आटून घट्ट झाली. पानामागून पान असंच. मैत्रिणीला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. फसलेला तुकडा चिकटवला नाही तर पुढच्या वेळी तीच चूक होईल, इतकाच तिचा हिशेब. हिने आल्यावर सांगितलं, "मी इतकी वर्षं तिच्या लडींशी माझ्या उसवलेल्या धाग्याची तुलना करत होते."

दुसरं काम जाळीच्या शालीवर. जाळी विणणाऱ्यांना सुरक्षेचा धागा ठाऊक असतो: दर 10-12 ओळींनी, किंवा नमुन्याचा एक फेरा पूर्ण झाला की, बारीक गुळगुळीत सुती धागा शिवायच्या सुईने, विणायच्या सुयांवरच्या सगळ्या टाक्यांमधून ओवून ठेवायचा. धाग्याचा रंग लोकरीपेक्षा वेगळा हवा, आणि खुणेच्या कड्या त्यात ओवायच्या नाहीत, नाहीतर त्या अडकून बसतात. पुढे चूक झाली तर तिथपर्यंतच उसवलं जातं, टाके हरवत नाहीत. आपण भितो ते चुकीला नव्हे, चुकीची किंमत किती पडेल हे ठाऊक नसण्याला. "फार तर बारा ओळी" हे आधीच ठरलेलं असलं की भीतीचा आकार हातात मावतो. हिने पूर्वी हा धागा घातलाच नव्हता, कारण तो घालणं म्हणजे चूक होणार हे मान्य करणं असं तिला वाटे.

तिसरं सर्वांत कठीण. बैठकीला अडकलेलं काम न्यायचं आणि त्यावर एकच नेमका प्रश्न विचारायचा. "कसं झालंय?" असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर "छान" हेच येतं आणि त्यावर आपला विश्वास बसत नाही. "ही रेघ झाकायला काय करू?" असं विचारायचं. तिने दोन खेपांच्या लोकरीची ती रेघ पडलेली शाल नेली. भरतकाम करणारीने शाल उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, जुन्या लोकरीचा गुंडा थोडा शिल्लक असतानाच नवा सुरू करायचा, दोन ओळी याच्या, दोन त्याच्या, असं दहाएक सेंटिमीटर विणलं की डोळ्याला सीमा सापडत नाही. म्हणजे थोडं उसवणं आलंच. तिथेच, सगळ्यांसमोर, तिने उसवलं. उसवलेली लोकर कुरळी झाली होती, म्हणून लड करून चार ठिकाणी सैल बांधली, घरी नेऊन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबून टांगून वाळवली. वळसे गेले. पुढच्या बैठकीला कुंभारकाम करणारी स्वतःहून एक वाडगा घेऊन आली. वाळताना त्याच्या तळाला तडा गेला होता आणि तिलाही काही विचारायचं होतं.

आजपर्यंत तिची तीन कामं पूर्ण झाली आहेत. रंग नकोसे झालेली दोन तिने उसवून लोकर परत घेतली. बाकीची पडून आहेत आणि त्याचा तिला त्रास होत नाही.

तुमच्याकडेही अशा पिशव्या असतील तर सगळ्या एकाच दिवशी काढा आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लावा: काम नेमकं कुठे थांबलं, एका ओळीत. स्वभावाबद्दल एक शब्दही लिहायचा नाही. चुकीपाशी थांबलेलं एकच काम निवडा, सगळ्यांत छोटं. त्यावर वीस मिनिटं बसा आणि वेळ संपली की उठा, जमत असलं तरी उठा, म्हणजे पुढच्या वेळी बसायची धास्ती राहत नाही. सामानासाठी अडलेल्यांची यादी वेगळी करा. मन उडालेली कामं उसवा किंवा देऊन टाका. त्यात हार नाही. काहींची कामं चुकीपाशी नव्हे, शेवटच्या शिवणीपाशी थांबतात. तिथे भीती निराळी असते, काम संपलं की लोक ते पूर्ण समजून बघणार याची. त्यांनी दुरुस्तीपेक्षा दाखवण्याचा सराव करावा, आधी एकाच माणसाला.

एक काळजी मात्र घ्या. फक्त विणकामच नव्हे, आवडीचं काहीच करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर चिठ्ठ्या लावत बसू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका.

मैत्रिणींनाही काही सांगायचं आहे. कुणी अडकलेलं काम पुढे ठेवलं तर "छान तर आहे की" म्हणून ते मिटवू नका आणि लगेच स्वतःच्या हातात घेऊन दुरुस्तही करू नका. कुठे अडलं ते बोट ठेवून दाखवायला सांगा. मग तुमचं त्याच जागी फसलेलं एखादं काम असेल तर ते पुढच्या बैठकीला घेऊन या.