शाळेत मंत्रिमंडळ आहे, पण मुलांना विचारतंय कोण?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे, पहिली ते सातवी, पट 112. दरवर्षी जुलैत मतदान घेऊन शालेय मंत्रिमंडळ निवडतो, मुलं शपथ घेतात, पेपरला फोटो येतो. पुढं वर्षभर मुख्यमंत्री रांगा लावतो आणि स्वच्छतामंत्री वर्ग झाडून घेते, बस. परवा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही मंत्री ना, मग आम्हाला कधी काही विचारत का नाही?" मला उत्तरच सुचलं नाही. सहकारी म्हणतात, मुलांना जास्त बोलू दिलं की डोक्यावर बसतात. काय करू?
— एक मुख्याध्यापिका, सातारा जिल्हा

उत्तर : मॅडम, त्या मुलीचं आधी कौतुक करा, आणि तुमचंही, कारण दुसऱ्या कुणी तिला "जा, वर्गात बस" म्हटलं असतं.

मी बरीच वर्षं शिकवलंय, त्यातली एक गोष्ट सांगते जी अजून मनात सलते. मी होते त्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी मोडली होती आणि आम्हा मोठ्यांना ते सहा महिने माहीतच नव्हतं. पाचवीतल्या मुलींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्या जोडीजोडीनं जायच्या, एक आत आणि एक बाहेरून दार धरून, आणि आम्ही मात्र मधल्या सुट्टीत त्यांना "दोघी-दोघी कशाला हिंडता गं" म्हणून ओरडायचो. कडी बसवायला किती लागतात, शंभरेक रुपये. आम्ही विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत, एवढंच.

तर पहिलं काम, मंत्रिमंडळाला एक तरी खरा निर्णय द्या, शक्यतो पैशाचा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 100 च्या वर ते 250 पर्यंत पट असलेल्या सरकारी शाळेला वर्षाला 50 हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान मिळू शकतं. त्यातले अगदी पाच हजार कुठं वापरायचे ते मुलांना ठरवू द्या, भाव काढायला त्यांनाच दुकानात पाठवा, शिक्षक सोबत असू दे. खर्चाला मंजुरी शाळा व्यवस्थापन समितीच देणार, पण ठराव मांडायला मुलं आली तर कुणी अडवणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, आणि केंद्राच्या 2010 च्या नमुना नियमांत उरलेल्या जागांसाठी स्थानिक शिक्षणतज्ज्ञांच्या जोडीला शाळेतल्या मुलांचाही उल्लेख आहे, म्हणजे मुलांनी तिथं बसणं हे काही मी मनानं सांगत नाहीये.

आता डोक्यावर बसण्याचं. इंग्लंडमधल्या समरहिल शाळेत, 1921 ची शाळा ती, सभेत सहा वर्षांच्या पोराला एक मत आणि मुख्याध्यापकांनाही एकच मत. पण तिथंही सुरक्षितता आणि शिक्षक नेमणं या गोष्टी मोठ्यांनी आपल्याकडंच ठेवल्या. तसंच तुम्ही पहिल्याच दिवशी सांगून टाका की अभ्यासक्रम, परीक्षा, सुरक्षितता यावर मतदान नाही, बाकी बोलू. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 (भारतानं तो 1992 मध्ये स्वीकारला) एवढंच म्हणतं की मुलाला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय, समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे, म्हणतील ते करा असं कुठंही नाही. नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा पण कारण सांगा, आणि ते आठवड्याच्या आत परिपाठाला सगळ्यांसमोर सांगा. सूचनापेटी लावून ती उघडायचीच नाही, याच्यापेक्षा पेटी नसलेली बरी, कारण एकदा पोरांचा विश्वास उडाला की परत कागद पडत नाही त्यात.

आपल्यापेक्षा कठीण ठिकाणी हे झालंय. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेज या स्वयंसेवी संस्थेच्या रात्रशाळांत दिवसभर शेळ्या राखून मुलं संध्याकाळी शिकायला यायची. ती मुलं आपली संसद निवडायची आणि ही संसद शाळांवर देखरेख ठेवायची. संस्थापक बंकर रॉय यांनी 2011 च्या भाषणात 150 शाळा आणि 7 हजार मुलं असा आकडा सांगितला होता, आणि प्रधानमंत्री होती बारा वर्षांची मुलगी, सकाळी वीस शेळ्या राखणारी.

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं सांभाळा. मंत्र्यांना इतर मुलांची नावं फळ्यावर लिहायला किंवा शिक्षा करायला लावू नका, ते आपलं काम आहे, त्यानं पोरं पोरांचीच वैरी होतात. आणि नुसत्या मतदानानं मोठ्या आवाजाची पोरंच निवडून येतात, म्हणून दोन-तीन जागा चिठ्ठ्या टाकून भरा, आणि तुमच्याकडं ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून मुलं येत असतील तर त्यांच्यातलं एक जण घ्याच, कारण पाणी कुठं मिळत नाही आणि खिचडी कुणाला शेवटी वाढली जाते ते त्यांना बरोबर माहीत असतं.

त्या मुलीला सोमवारी बोलवा. एकटीला बोलवलं तर घाबरेल, दोन मैत्रिणींना घेऊन यायला सांगा, आणि विचारा, शाळेत सगळ्यात आधी काय बदलायचं? वही-पेन तुमच्या हातात असू दे.