अंधारे फोटो उजळवणाऱ्या मुलाचं पुढे काय?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मुलगा बारावी कॉमर्सला आहे, संध्याकाळी गावातल्या स्टुडिओत लग्नाचे अंधारे आलेले फोटो लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उजळवून देतो, आणि आता बीकॉम न करता सहा महिन्यांच्या एडिटिंग कोर्सला जायचं म्हणतो. ‘फोटो उजळवणं हे काय आयुष्यभराचं काम झालं?’ असं तुम्ही विचारलंय.

काम आयुष्यभराचं होऊ शकतं. पण त्यासाठी सॉफ्टवेअरपेक्षा उजेड कळायला हवा, आणि त्याला तो किती कळतो हे आधी तपासा.

लग्नाचा एखादा फोटो त्याच्यासमोर ठेवा. मांडवात पिवळे हॅलोजन (साधारण ३२०० केल्विन; केल्विन हे उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा वाढला की उजेड पिवळ्याकडून निळ्याकडे झुकतो), दारातून येणारा दिवसाचा उजेड (साडेपाच हजारांच्या आसपास) आणि स्टेजवर जांभळे एलईडी. नुसता एक्स्पोजर (अख्ख्या फोटोचा उजळपणा) वाढवला की नवरीच्या चेहऱ्याबरोबर मागची ट्यूबही उजळते आणि शालूचा जरीकाठ पांढराफटक होतो. फोटो काढतानाच तिथला तपशील गेला असेल तर तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. जाणता माणूस आधी हायलाइट (सगळ्यात उजळ भाग) खाली आणतो, मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त चेहऱ्यावरच्या सावल्या उचलतो आणि पिवळ्या नि निळ्या भागांचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) वेगवेगळा सुधारतो. मूळ फाइल रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, न दाबलेली माहिती) आहे की नेहमीची जेपेग, हेही तो आधी विचारतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून रॉमधली सावली बरीच उचलता येते. त्यातही ती फार ओढली की दाणे (रवाळ ठिपके) दिसायला लागतात, आणि कुठे थांबायचं हे नजरेला कळावं लागतं. तुमचा मुलगा हे ‘का’ सांगू शकला, तर त्याच्या हट्टात दम आहे असं समजा.

हे एवढं लिहायचं कारण म्हणजे, फोटोतला माणूस किंवा आकाश वेगळं निवडून देणं हे हाताने करायचं वेळखाऊ काम २०२१पासून लाइटरूम स्वतःच करू लागलं आहे. एका फोटोमागे ठरावीक पैसे घेऊन सरसकट उजळवून देण्याचं काम पुढे आटत जाईल, असं माझं स्पष्ट मत आहे. टिकेल तो, जो फोटोग्राफरला सांगेल की पुढच्या वेळी फ्लॅश थेट तोंडावर न मारता पांढऱ्या छताकडे वळवा, निम्मं एडिटिंग वाचेल.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी नक्की बोला. उजेड कमी पडला म्हणून चेहरा उजळवणं वेगळं आणि सावळ्या मुलीला गोरं करून देणं वेगळं. गिऱ्हाईक मागेल, मालकही सांगेल. पण तिचा रंग तिचाच राहिला पाहिजे, आणि हे वळण याच वयात लागतं.

आता शिक्षण. पदवी सोडू नका. बारावीनंतर उपयोजित कलेची (जाहिरात, मांडणी अशा कामांसाठीच्या कलेची) पदवी करता येते, त्यात फोटोग्राफीही शिकवतात. मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय यासाठी जुनं आणि नावाजलेलं आहे. मात्र चित्रकलेचा सराव हवा, तो आजपासून सुरू करावा लागेल. तो झेपणार नसेल तर बीकॉम करत काम चालू ठेवू दे. स्वतःचा स्टुडिओ काढला तर हिशेब आणि जीएसटी उपयोगी पडेलच. पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइनची पदव्युत्तर वाट आहे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेचे छोटे अभ्यासक्रमही अधूनमधून पाहत जा. सिनेमा-मालिकांच्या कलर ग्रेडिंगकडे (दृश्यांचे रंग जुळवण्याकडे) ओढा असेल तर त्यासाठीच्या दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती आजच उतरवून घेता येईल. दागिने, साड्या, फर्निचर यांच्या ऑनलाइन विक्रीसाठी लागणाऱ्या फोटोंचं कामही मोठं आहे. तिथे रंग जसाच्या तसा दिसणं फार महत्त्वाचं, कारण साडी वेगळ्या रंगाची निघाली की गिऱ्हाईक ती परत पाठवतं.

त्या कोर्सची फी भरण्याआधी तिथे जाऊन दोनच गोष्टी विचारा: कॅमेरा आणि दिवे मुलांच्या हातात देता का, आणि मॉनिटरचे रंग कॅलिब्रेट केलेले, म्हणजे खरे दिसतील असे जुळवलेले, आहेत का. दोन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं तर तेच पैसे एका चांगल्या मॉनिटरवर आणि जुन्या वापरलेल्या कॅमेऱ्यावर घाला. डार्कटेबल, रॉथेरपी ही रॉ फोटो सुधारायची सॉफ्टवेअर फुकट आहेत, घरी बसून शिकता येतात.

मला त्याचे पाच फोटो पाठवा, आधीचे आणि नंतरचे दोन्ही. प्रत्येकाखाली काय बदललं आणि का, हे त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा. ते वाचून पुढचं नेमकं सांगता येईल.