विभागप्रमुख झाल्यावर जबाबदाऱ्या कशा वाटाव्यात?

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने विभागप्रमुख झाल्यावर रुग्णसेवा, शिकवणं आणि संशोधन यांची जबाबदारी सहकाऱ्यांकडे कशी सोपवावी, असं तुम्ही विचारलं आहे. नावं ठरवण्याआधी अधिकार ठरवा. बऱ्याचदा 'समन्वयक' म्हणून ऑर्डर निघते, पण त्या माणसाची ओपीडी आणि ऑपरेशन थिएटरचे दिवस तेवढेच राहतात आणि किरकोळ सहीसाठीही फाइल प्रमुखांच्याच टेबलावर येते. मग पद कागदावरच राहतं.

प्रत्येक पदासाठी एक पान पुरे. कोणते निर्णय स्वतः घ्यायचे, कोणते तुम्हाला विचारून आणि काय नुसतं कळवायचं, हे त्यावर लिहा. आठवड्यातला किती वेळ या कामासाठी राखीव, मुदत किती आणि रजेच्या काळात काम कोण बघणार, हेही तिथेच.

रेसिडेंटच्या, म्हणजे विभागात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांच्या, प्रशिक्षणाची जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवू नका, हे आग्रहाने सांगतो. कामाला लावणारा, मूल्यांकन करणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असेल तर तक्रार येतच नाही. मूल्यांकन किमान तिघांनी मिळून, दर सहा महिन्यांनी करावं. लॉगबुकमध्ये, म्हणजे रेसिडेंटच्या कामाच्या नोंदवहीत, नुसता आकडा बघू नका. किती प्रोसिजर पाहिल्या, किती मदतीने केल्या, किती देखरेखीखाली स्वतः केल्या, हे वेगळं हवं.

ड्युटी रोस्टर चीफ रेसिडेंट लावतो आणि सीनियरच्या रजा नंतर येतात. चीफ रेसिडेंटला सीनियरना नाही म्हणता येत नाही, म्हणून भार सगळ्यात ज्युनियरवर पडतो. रजेच्या अर्जाची शेवटची तारीख तुमच्या सहीने लावा. त्यानंतर रजा हवी तर बदली माणूस अर्जदारानेच शोधायचा. नियम तुम्हालाही लागू.

मृत्यू आणि गुंतागुंतीच्या केसेसची बैठक हा विभागाचा खरा कस. केसेस निवडीवर सोडू नका. प्रत्येक मृत्यू, अनपेक्षितपणे पुन्हा थिएटरमध्ये न्यावा लागलेला रुग्ण, वॉर्डातून अचानक आयसीयूत गेलेला रुग्ण, असे निकष आधीच ठरलेले असावेत. ज्युनियर रेसिडेंटला एकट्याला उभं करून प्रश्नांचा भडिमार झाला की पुढच्या वेळी नोंदीच गुळगुळीत होतात. संबंधित कन्सल्टंटने त्याच्यासोबत उभं राहावं. अध्यक्षपद दुसऱ्याकडे द्या आणि तुमच्या युनिटची केस आधी घ्यायला सांगा. मिनिट्समध्ये 'काळजी घ्यावी' असं लिहून काही होत नाही. काय बदलायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. पुढची बैठक याच नोंदींपासून सुरू करा.

संशोधनात भांडण लेखकांच्या नावांवरून होतं. नावं आणि त्यांचा क्रम, प्रोटोकॉल म्हणजे संशोधनाचा आराखडा एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी, लेखी ठरवा; कामाची वाटणी बदलली तर क्रमही पुन्हा ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार नुसत्या सर्वसाधारण देखरेखीवरून कुणी लेखक ठरत नाही. तेव्हा केवळ प्रमुख म्हणून आलेलं स्वतःचं नाव तुम्हीच काढून टाका.