ओसाड जागांची चित्रं घरात लावावीत का?

बंद वाडे, रिकाम्या खोल्या आणि बाटल्या-भांडी रंगवणाऱ्या आजच्या एका चित्रकाराचं चित्र तुम्हाला घ्यायचंय, घरचे अशुभ म्हणतात. घ्या आणि लावा. अशुभ वगैरे काही नसतं.

आमच्या बैठकीत असंच एक आहे, ओळखीच्या सोलापूरकर पोरानं काढलेलं. बंद गिरणीतलं साचेखातं, म्हणजे विणकामाचं खातं, साचे (माग) भंगारात गेलेले, फरशीवर त्यांच्या जागेचे तेलकट डाग, कोपऱ्यात एक स्टूल. खिळा ठोकतानाच दाजी आले. "पैसे मोजून भकासपणा आणलास बे घरात? एखादा माणूस तरी काढायला सांगायचा." दाजींच्या हॉलमध्ये वास्तूसाठी सात पांढरे घोडे पळतायत.

अण्णा साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे. त्यांनी आधी उजेड बघितला. गिरण्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी, काचा उत्तरेला. थेट ऊन आत येत नाही, दिवसभर उजेड सारखा राहतो, तुटलेला धागा लगेच दिसतो. चित्रकारही स्टुडिओला उत्तरेचाच उजेड शोधतात, सावल्या सरकत नाहीत म्हणून. पोरानं तो नेमका पकडलाय. अण्णांनी चूकही काढली: स्टूल तिथं नसायचं, जॉबरच्या (मुकादमाच्या) नजरेसमोर बसणार कोण? मग जेवणं होईपर्यंत कुठल्या साच्यावर कोण होतं, कोण पाळी चुकवायचं, हेच चाललं. दाजींना तरीही चित्रात माणूस दिसला नाही.

भांड्यांच्या चित्रांना पोरकट म्हणणारे बहुतेक चित्रकलेच्या इंटरमिजिएटला मार्कांपुरतं स्थिरचित्र काढून सुटलेले असतात. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या जन्मभर मांडत राहिला. दोन बाटल्यांमधली फट बदलली की त्याचं चित्र बदलायचं. आपल्याकडचे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) बघा, वस्तूंइतकंच मधल्या मोकळ्या जागेला महत्त्व. ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, सोलापूरनं तर त्यांना परकं मानूच नये.

हां, खिडकीसमोर टांगू नका, काचेत खिडकीच दिसत राहते. जलरंगातलं असेल तर उन्हापासून लांब ठेवा, रंग उडतात. आणि घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आईला विचारून मगच लावा.

घरच्यांना घोडेच हवे असतील तर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे दाखवा. जन्मानं आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूरचे. मी दाजींना दाखवले होते. म्हणाले, पाय वाकडे आहेत.