‘पेपरकॉर्न रेंट’: एका मिऱ्याचे भाडे

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपात मिरी सोन्याच्या भावाने विकली जायची म्हणतात, मग इंग्रजीत ‘पेपरकॉर्न रेंट’ म्हणजे नाममात्र भाडे, हा उलटा अर्थ कुठून आला?

गोम ‘कॉर्न’मध्ये आहे. इथे कॉर्न म्हणजे मका नव्हे. जुन्या इंग्रजीत कोणत्याही दाण्याला कॉर्न म्हणत. इंग्लंडात जमिनीचा खंड वर्षाला एक पौंड मिरी असा ठरल्याचे जुने करार आहेत, आणि पौंडभर मिरीला बाजारात चांगले मोल होते. पुढे मालकाला भाडे नको असले, पण करार पक्का व्हायला काहीतरी मोबदला दाखवणे भाग असले, की पौंडाऐवजी एकच दाणा लिहू लागले. बर्म्युडात ही रीत अजून चालू आहे. सेंट जॉर्ज गावातल्या जुन्या स्टेट हाउसचे भाडे म्हणून तिथले फ्रीमेसन (एका जुन्या बंधुसंघाचे सभासद) १८१६ पासून वर्षाला मिऱ्याचा एक दाणा देतात. चांदीच्या तबकात मखमली उशी, आणि तिच्यावर तो दाणा!

‘सोन्याचा भाव’ मात्र शब्दशः घेऊ नये. परदेशी मसाल्यांत मिरीच सर्वांत जास्त खपायची. केशर तिच्याहून कितीतरी महाग. तरी मिरी स्वस्त नव्हतीच, आणि ही आठवण शेजारच्या भाषांनी जपली आहे. डच माणूस फार महाग वस्तूला ‘पेपरड्यूर’ म्हणतो, म्हणजे मिरीइतकी महाग. जर्मनमध्ये गब्बर व्यापारी म्हणजे ‘फेफरझाक’, मिरीचे पोते.

मला सर्वांत आवडतो तो जर्मन शाप: ‘मिरी उगवते तिथे जा!’ म्हणजे इतका लांब जा की परत तोंड दिसायला नको. मलबारहून तांबडा समुद्र, कैरो, अलेक्झांड्रिया, व्हेनिस असा हातोहाती माल यायचा. दर टप्प्यावर जकात आणि नफा चढायचा, आणि ती वेल शेवटच्या गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलीच नसायची. ती उणीव कथेने भरून काढली. सेव्हिलचा बिशप इसिडोर (मृत्यू ६३६) याने शब्दांच्या व्युत्पत्तींचा मोठा कोश रचला. त्यात तो लिहितो की मिरीच्या रानांवर सापांचा पहारा असतो. दाणे पिकले की लोक रान पेटवून साप पळवतात, आणि मुळात पांढरी असलेली मिरी त्या जाळाने काळी पडते. दुर्मिळता, जोखीम आणि काळा रंग, तिन्ही गोष्टींचा उलगडा त्याने एकाच गोष्टीत केला.

आपल्याकडे ‘डोक्यावर मिरे वाटणे’ म्हणजे वरचढ होणे. त्यात महागाईचा वासही नाही. मिरी उगवते ते ठिकाण कोकण-गोव्यातल्या माणसाला घरामागेच सापडते: पोफळीला बिलगून वर चढलेली वेल, तिला लोंबणारे हिरवे घोस. घोसात एकदोन दाणे तांबडे दिसले की ते उतरवायचे आणि उन्हात पसरायचे. चार-सहा दिवसांत हिरवी साल आक्रसते, सुरकुतते आणि काळी पडते.