पुढचं पद कोणतं, ३१ की ३२?

प्रश्न : मॅडम, सराव परीक्षेत १, २, ४, ८, १६, ? अशी मालिका होती. पर्यायांत ३१ आणि ३२ दोन्ही होते. प्रत्येक पद दुप्पट होतंय हे उघड दिसत होतं, म्हणून डोळे झाकून ३२ ला खूण केली. उत्तरसूचीत ३१ दिलंय. छपाईची चूक असेल का? आक्षेप घेऊ का?

उत्तर : छपाईची चूक नसावी. आक्षेप मात्र जरूर घ्या.

३१ हवेतून आलेलं नाही. एक वर्तुळ काढा. परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक बिंदू बाकीच्या सगळ्या बिंदूंना रेषेनं जोडा. एक बिंदू असेल तर वर्तुळाचा भाग एकच. दोन बिंदूंना २ भाग, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहाव्या बिंदूला कोणीही ३२ म्हणेल, पण मोजले तर ३१ च भरतात. करून पाहा, फक्त सहा बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका. तसे घेतले तर मधोमध तीन रेषा एकाच ठिकाणी छेदतात, एक भाग गडप होतो आणि ३० वरच गाडी थांबते. दुसरा रस्ता याहून सोपा आहे. ४९६ चे विभाजक चढत्या क्रमानं लिहा : १, २, ४, ८, १६, ३१, ६२... इथेही ३१!

तिसरा रस्ता फरकांचा, आणि उत्तरसूची करणारे बहुधा त्याच रस्त्यानं गेले असावेत. लागोपाठच्या पदांमधले फरक घ्या, मग त्या फरकांचे फरक, असं खाली उतरत जा :

१, २, ४, ८, १६
१, २, ४, ८
१, २, ४
१, २
१

सगळ्यात खालचा १ कायम राहतो असं धरून वर चढा. १, २ नंतर ३ येतो, त्यावरच्या ओळीत ४ + ३ = ७, त्याच्या वर ८ + ७ = १५ आणि सगळ्यात वर १६ + १५ = ३१. हिशेबात कुठेही खोट नाही.

मग आक्षेप कशाला? कारण तो खालचा १ एकटाच आहे. कुठलीही पाच पदं घ्या, फरक काढत गेलात की पाचव्या ओळीत एकच संख्या उरणार. ती 'कायम राहते' म्हणायला साक्षीदार कोण? २, ६, १२, २०, ३० ही मालिका पाहा. फरक ४, ६, ८, १०, त्यांचे फरक २, २, २. इथे तीनदा २ आला, म्हणून पुढे ४२ म्हणताना हात कापत नाही. तुमच्या मालिकेत दुपटीच्या नियमाला फक्त दोन पदं खर्ची पडतात : पहिलं पद आणि त्याची दुप्पट. उरलेली तीन पदं त्या नियमाला दुजोरा देतात. फरकाच्या रीतीत पाचही पदं नियम बनवण्यातच संपतात, पडताळायला एकही शिल्लक राहत नाही. प्रश्नात वर्तुळाचा किंवा विभाजकांचा उल्लेख नसेल तर ३२ चं पारडं जड आहे, आणि आक्षेपात हेच लिहा.

'पुढचं पद एकच असतं' असं मात्र लिहू नका, तपासणारा जाणकार निघाला तर तिथेच पकडेल. मला पुढचं पद ४० हवं असेल तर तेही आणता येतं. दुपटीच्या सूत्रात (न−१)(न−२)(न−३)(न−४)(न−५) ÷ १५ एवढं मिळवायचं, इथे न म्हणजे पदाचा क्रमांक. पहिल्या पाच पदांना यातला कोणता तरी कंस शून्य होतो, म्हणून ती जशीच्या तशी राहतात. सहाव्या पदाला १२० ÷ १५ = ८ ची भर पडते आणि ३२ चे ४० होतात. अशी ओढूनताणून केलेली सूत्रं कोणी विचारत नाही, पण ३१ आणि ३२ दोन्ही पर्यायांत ठेवणं हा प्रश्न काढणाऱ्याचा आगाऊपणा आहे. गणितज्ञ नील स्लोन यांनी १९६४ मध्ये अशा मालिका जमवायला सुरुवात केली, १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं आणि १९९६ पासून तो कोश इंटरनेटवर आहे (oeis.org). त्यात आज तीन लाखांहून अधिक मालिका आहेत. तिथे १, २, ४, ८, १६ शोधा आणि जे दिसेल ते आक्षेपाला जोडा.

प्रश्न : ३, ५, ९, ६, २७, ७, ८१, ? यात फरक काढले तर काहीच हाती लागत नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : आधी नुसतं बघा. मालिका वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते. अशी वरखाली करणारी मालिका बहुतेक वेळा दोन मालिकांची वेणी असते. एक सोडून एक पद घ्या : ३, ९, २७, ८१ आणि ५, ६, ७. उत्तर ८.

मालिका सावकाश वाढत असेल तर फरक काढा, झपाट्यानं वाढत असेल तर भागून पाहा. ७, २६, ६३, १२४ असं काही दिसलं तर घन आठवा, प्रत्येकातून १ वजा केलाय. आणि फरक काढल्यावर तीच मालिका पुन्हा समोर आली तर घाबरू नका. १, २, ३, ५, ८, १३ चे फरक १, १, २, ३, ५. म्हणजे मागच्या दोन पदांची बेरीज चाललीय. हिला सगळे फिबोनाचीची म्हणतात. या इटालियन गणितज्ञाचं पुस्तक १२०२ चं, पण छंदातल्या लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना जैन आचार्य हेमचंद्रांनी हाच नियम त्याच्या आधी, बाराव्या शतकात सांगितला होता.

प्रश्न : १, ११, २१, १२११, १११२२१, ? पर्याय : ३१२२११, १२२२११, ४१२२११, १११२३१.

उत्तर : इथे बेरीज-वजाबाकी विसरा आणि प्रत्येक पद मोठ्यानं वाचा. १ म्हणजे 'एकदा १', म्हणून पुढे ११. ते 'दोनदा १', म्हणून २१. ते 'एकदा २, एकदा १', म्हणून १२११. शेवटच्या पदात तीनदा १, दोनदा २, एकदा १ आहे, म्हणून ३१२२११.

गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी या मालिकेचा कसून अभ्यास केला. पदांची लांबी दर वेळी साधारण १.३० पटीनं वाढत जाते, तरी मालिका कितीही लांबवली तरी १, २, ३ सोडून दुसरा अंक येत नाही. ४ यायचा तर आधीच्या पदात सलग चार सारखे अंक हवेत, समजा २२२२. पद 'किती वेळा' आणि 'कोणता' अशा जोड्यांनी बनतं. जोड्या २२ आणि २२ अशा पडल्या तर अर्थ होतो 'दोनदा २, लगेच पुन्हा दोनदा २'. मग ते एकत्रच मोजून '४२' नसतं का लिहिलं? जोड्या एक घर सरकवा : डावीकडची जोडी २ वर संपते आणि मधली पुन्हा 'दोनदा २' सांगते, म्हणजे तोच घोळ. तेव्हा या मालिकेच्या पर्यायात ४ दिसला की तो पर्याय न वाचताच खोडा.