इलेक्ट्रोलिसिसला जाण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या पत्रात बाकी बरंच काही होतं, पण खरा प्रश्न एवढाच की इलेक्ट्रोलिसिसच्या, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन केस मुळापासून मारण्याच्या, सहा सिटिंगमध्ये हनुवटी साफ होईल का. नाही होणार. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण इतकी वर्षं हातात सुई धरून मी एक गोष्ट पाहिली आहे. दुखतं म्हणून मध्येच सोडणारे थोडे असतात; लवकर संपेल असं वाटलं होतं म्हणून सोडणारे पुष्कळ. साधारण वर्ष ते दीड वर्ष डोक्यात ठेव. जागा लहान असेल तर कमी लागेल, आत हार्मोनचा गोंधळ असेल तर जास्त.

इतका वेळ का लागतो हे एकदा कळलं की निम्मी चिडचिड जाते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुई त्वचेला भोक पाडत नाही. केस ज्या बारीक वाटेने वर आलेला असतो, त्याच वाटेने ती खाली सरकते, थेट मुळापर्यंत. तिथे केसाला पोसणारा भाग असतो, त्याला पॅपिला म्हणतात. थोडं वर, त्या नळीच्या भिंतीत नवा केस घडवणाऱ्या पेशी असतात. दोन्ही निकामी झाले तरच तो केस कायमचा गेला. मग वीज सोडतात, तीही तीन तऱ्हांनी. गॅल्व्हॅनिक म्हणजे सरळ एकाच दिशेने वाहणारा प्रवाह: मुळाशी असलेल्या पाणी आणि मिठापासून तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तो पेशी विरघळवतो. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने ओलावा तापतो आणि मूळ भाजलं जातं. ब्लेंडमध्ये दोन्ही एकदम, त्यामुळे सोडा गरम होऊन जास्त जोमाने काम करतो. गॅल्व्हॅनिकला एका केसामागे मिनिट किंवा त्याहून जास्त जाऊ शकतं, थर्मोलिसिसला सेकंदभर किंवा त्याहूनही कमी, ब्लेंड मधोमध. तू वर्षानुवर्षं वॅक्सिंग आणि चिमटा केला आहेस, त्यामुळे तुझ्या केसांची मुळं वाकडी झालेली असण्याची शक्यता आहे. सुई वळणावर जात नाही, सोडा मात्र द्रव असल्याने वळणाने खाली उतरतो. अशा केसांसाठी मी स्वतः ब्लेंड किंवा गॅल्व्हॅनिकच निवडते. कुठलं यंत्र ‘सर्वात आधुनिक’ या वादात फार पडू नकोस. सुई घालणारा हात कसा आहे यावर जास्त अवलंबून असतं.

ही पद्धत नवी नाही, हेही सांगून ठेवते. १८७५ साली चार्ल्स मिशेल नावाच्या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर ती वापरल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे सुरुवात सौंदर्यासाठी झालीच नव्हती.

आता वेळेचं. तुझ्या हनुवटीवर आज जे केस दिसतात ते तिथले सगळे केस नव्हेत. काही वाढत असतात, काही वाढ थांबवून सुटायच्या बेतात असतात, आणि काही मुळं रिकामी झोपलेली असतात. वाढत्या केसाचं मूळ खोल, ओलं आणि पॅपिलाला चिकटलेलं असतं, तिथे वीज नीट लागते. सुटायला आलेला केस वर सरकलेला असतो. त्याच्या वाटेने सुई घातली तरी खालचा भाग हुकू शकतो. झोपलेल्या मुळाला तर सुई घालायला केसच नसतो. म्हणून सिटिंगनंतर तीन आठवड्यांनी आरशात केस दिसले की ‘गेलेले परत आले’ असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते शेजारचे, आत्ताच जागे झालेले असतात. काही मात्र खरोखर तेच असतात, कारण वीज कमी पडली किंवा सुई जरा चुकली. ते सहसा आधीपेक्षा बारीक येतात आणि त्यांना दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदाही सुई लागते. चांगल्या हाताखालीही हे होतं. जी व्यक्ती ‘आमच्याकडे एकही परत येत नाही’ म्हणेल, तिच्यापासून दूर राहा.

मग प्रगती मोजायची कशी? आरशावर विसंबू नकोस, घड्याळ बघ. तीच जागा पूर्ण साफ करायला सुरुवातीला किती मिनिटं लागली ते लिहून ठेव. पहिले काही महिने दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी जावं लागेल आणि वेळ फारसा कमी होताना दिसणार नाही. नंतर हळूहळू एका तासाचा अर्धा तास होतो, मग दहा मिनिटं, आणि दोन सिटिंगमधलं अंतर महिन्या-दोन महिन्यांचं होतं. एकाच उजेडात काढलेले फोटो ठेवलेस तर वाईट दिवशी उपयोगी पडतील.

दुखतं. खोटं सांगून उपयोग नाही. थर्मोलिसिसमध्ये गरम टोचल्यासारखं होऊन लगेच संपतं. गॅल्व्हॅनिकमध्ये हळूहळू चढत जाणारी चुरचुर. हनुवटी सहन होते. वरच्या ओठाचा मधला भाग, नाकाखाली, तिथे डोळ्यांतून आपोआप पाणी येतं आणि शिंकाही येतात. लाजायचं कारण नाही, सगळ्यांचं होतं. पाळीच्या आसपास त्वचा जास्त हुळहुळी असते, त्या दिवसांत तारीख घेऊ नकोस. बधिर करणारी क्रीम मिळते, पण त्यातलं लिडोकेन रक्तात शोषलं जातं. डॉक्टरांना विचारून, सांगितली तेवढी आणि लहान जागेवरच लाव. मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळण्याचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नकोस, त्यातून जिवाला धोका होऊ शकतो.

दुखण्यापेक्षा एका गोष्टीकडे जास्त लक्ष दे. वीज दिल्यावर केस चिमट्याने उचलला की तो लोण्यातून निघाल्यासारखा अलगद यायला हवा. ओढल्याची कळ जाणवली तर तो केस फक्त उपटला गेला, मूळ तसंच आहे. एखादा असा निघाला तर ठीक. एकामागून एक तसेच निघू लागले तर तिथल्या तिथे बोल. गप्प पडून राहणं म्हणजे पैसे देऊन चिमटा करून घेणं.

सर्वांत अवघड भाग सिटिंगच्या बाहेरचा आहे, आणि त्याबद्दल तुला कुणी फारसं सांगणार नाही. आजपासून उपटणं बंद. चिमटा, थ्रेडिंग, वॅक्स, एपिलेटर, सगळंच. केस उपटला की सुईला वाट दाखवायला काही उरत नाही आणि तो पुन्हा वर यायला कित्येक आठवडे जातात. रोज सकाळी खिडकीपाशी आरसा धरून बसण्याची तुला सवय आहे हे मला ठाऊक आहे. ती सोडणं सुईपेक्षा कठीण जाईल. पण याचा अर्थ दाढी वाढवून हिंडायचं असा नाही. कात्रीने काप किंवा सरळ रेझर फिरव. रेझरने केस जाड होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. उलट रेझरचा एक फायदाच आहे. सिटिंगच्या तीन-चार दिवस आधी सगळं साफ केलंस, तर त्या दिवसापर्यंत जे वर येतील ते वाढीतलेच केस असतील, म्हणजे ज्यांच्यावर वीज सर्वांत चांगली लागते तेच. फार लांबी लागत नाही, केस चिमट्यात धरता आला पाहिजे इतकंच. आदल्या दिवशी पाणी भरपूर पी. कोरड्या त्वचेत प्रवाह नीट वाहत नाही.

नंतर काय दिसेल? चेहऱ्यावर लाली आणि थोडी सूज, बहुधा काही तासांत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत उतरणारी. थंड पाण्याची पट्टी ठेव. एक-दोन दिवस मेकअप, खूप घाम येईल असा व्यायाम, पोहणं, कडक गरम पाणी आणि ऊन टाळ. टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरू शकतात, पोटावर आणि पायावर जास्त. त्या खरवडू नकोस. सावळ्या त्वचेवर त्यांच्या जागी काळसर ठिपके राहतात आणि ते विरायला महिने लागू शकतात, म्हणून सनस्क्रीन रोज. ठिपके विरतात, खड्डे विरत नाहीत. खड्डे पडत असतील, खपल्या एकमेकींना चिकटून मोठ्या होत असतील, तर वीज जास्त दिली जाते आहे किंवा जवळजवळचे केस एकाच दिवशी घेतले जाताहेत. तिथे पुन्हा जाऊ नकोस.

तुझी पाळी अनियमित आहे असं तू जाता जाता लिहिलंस. ते जाता जाता लिहिण्यासारखं नाही. हनुवटीवर, छातीवर, पोटाच्या मधल्या रेषेवर जाड केस आणि अनियमित पाळी एकत्र असेल तर आधी डॉक्टरांकडे जा; पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, हे त्याचं सर्वांत नेहमीचं कारण. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले असतील, आवाज जाड होत असेल, तर आजच वेळ घे. इलेक्ट्रोलिसिसने मारलेलं मूळ मेलेलंच राहतं, पण त्याच्या शेजारच्या मऊ लवेला हार्मोन जाड केस बनवू शकतात. मग आपण एकीकडून काढतोय आणि दुसरीकडून येताहेत असं होतं. औषधं चालू ठेवून सोबत सुई घेणाऱ्यांचं काम लवकर आवरताना पाहिलं आहे. साधी लव मात्र काढायला सांगू नकोस. ती सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असते.

लेझरबद्दल थोडक्यात. अमेरिकेचं औषध नियामक खातं, एफडीए, ‘केस कायमचे काढणं’ हे शब्द इलेक्ट्रोलिसिसला वापरू देतं. लेझरला ‘कायमची घट’ एवढंच. लेझर केसातल्या काळ्या रंगावर चालतो, म्हणून पांढऱ्या किंवा भुऱ्या केसांना सुईशिवाय इलाज नाही. चेहऱ्यावर लेझरमुळे काहींचे केस कमी होण्याऐवजी वाढतातही. पण पायांचं तू विचारलंस, तिथे मी तुला सुईपासून परावृत्तच करेन. एका वेळी एकच केस, आणि पायांवर ते हजारोंनी असतात. काळे, जाड केस असतील तर आधी लेझरने कमी करून उरलेले सुईने घेणं शहाणपणाचं. पूर्ण दाढी काढणाऱ्या ट्रान्स स्त्रियांना शंभराहून जास्त तास लागणं नवलाचं नाही, आणि त्याही अनेकदा हाच क्रम धरतात. सुई नसलेल्या, चिमट्यातून वीज देणाऱ्या यंत्रांवर मात्र पैसे घालवू नकोस. केस हा विजेचा चांगला वाहकच नाही, मुळापर्यंत काही पोचत नाही.

जागा निवडताना बंद पाकिटातली निर्जंतुक सुई तुझ्यासमोर उघडली जाते का, हातमोजे आणि भिंग आहे का, तुझी औषधं आणि आजार कुणी विचारले का, एवढं बघ. पेसमेकर असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे करू नये. जखमेची गाठ होण्याची प्रवृत्ती असेल तर आधी सांग. तिळावरचा केस डॉक्टरांनी तो तीळ तपासल्याखेरीज काढू देऊ नकोस. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेत असशील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तारीखच घेऊ नकोस. त्या काळात त्वचा नीट भरून येत नाही.

पहिल्याच दिवशी पूर्ण हनुवटी करून घेऊ नकोस. जबड्याखाली, सहज दिसणार नाही अशा जागी दहा-पंधरा केस काढून घे आणि तीन-चार आठवडे थांब. मग त्या जागेचा फोटो मला पाठव, उजेडात काढलेला, फिल्टर न लावता. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या तर त्याही कळव.

तुझी,
मावशी